हुबेहूब आमचें गांव!

ज्या तालुक्याच्या गांवीं आमचें बाळपण गेलें, तेथील शाळेला यंदां पाऊणशें वर्षें पुरीं होत आहेत. त्या निमित्तानें निघावयाच्या स्मरणिकेसाठीं आमच्याकडे एक लेख मागण्यांत आला. विषयाची निवड आमच्यावरच सोपविलेली होती. अट एवढीच कीं लेख वाङ्मयीन असावा आणि त्यांत कोठें तरी गांव यावें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचा जन्म गेलेला. तेव्हां सिंक्लेअर लुइस या अमेरिकन ग्रंथकाराच्या 'मेन स्ट्रीट' या कादंबरींत आम्हांस आमचें गांव कसें आढळलें, यावर आम्हीं लेख लिहिला आणि धाडून दिला. तीन आठवड्यांनीं तो परत आला. सोबतचें पत्र सौजन्यानें ओथंबलेलें होतें. लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु मंगल प्रसंगीं शोभणारा नाहीं. त्यांतील एक परिच्छेद गाळल्यास समिति तो आनंदानें छापील. आणि वाङ्मयानें माणसांच्या मनांत आपल्या गांवाबद्दल अभिमान उत्पन्न करावा, गांवाची नालस्ती करूं नये, असें समितीचें नम्र मत आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

परिच्छेद गाळण्याचें आम्हीं नाकारलें. स्मरणिका आमच्या लेखावांचून निघेल आणि तिचें कांहींहि अडणार नाहीं. समितीवर आमचा रोष नाहीं. पत्राखालीं सही करणारे गृहस्थ शाळेंत आमच्या बांकावर बसत असत. आणि परगांवीं गेलेल्या आमच्यासारख्यांनीं जी शाळा नुसती आठवली, ती त्यांनीं राहून चालविली आहे. परंतु त्या पत्राच्या शेवटीं जें मत आहे तें एकट्या समितीचें नाहीं. सुशिक्षित मराठी वाचकांपैकीं पुष्कळांचें तें मत आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तें वाङ्मयाला व गांवाला सारखेंच घातक आहे. म्हणून त्याचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

आपल्या गांवासारखें गांव कादंबरींत भेटलें म्हणजे वाचकांचे दोन पक्ष पडतात. पहिल्यास आम्ही गहिंवरपक्ष म्हणतों. या पक्षाचे बहुतेक सभासद गांव सोडून पुण्यामुंबईस किंवा त्याहून दूर स्थायिक झालेले असतात. कादंबरींत पार आला, घाट आला, पिठाच्या गिरणीची फटफट आली, आजीच्या लुगड्याला येणारा चुलीच्या धुराचा वास आला, कीं यांचे डोळे पाणावतात आणि तोंडून उद्गार निघतो, "हुबेहूब आमचें गांव!" तो उद्गार निघाला कीं यांचें वाचन संपलें. पुढें पानें उलटलीं जातात, परंतु वाचलीं जात नाहींत. कादंबरी यांना लोणच्याच्या बरणीसारखी हवी असते. फडकें सोडावें, वास घ्यावा, पुनः फडकें बांधून बरणी फळीवर ठेवावी.

उदाहरण घरचेंच देतों. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' १९५२ सालीं प्रसिद्ध झाली. तिला सत्तर वर्षें उलटून गेलीं तरी ती अद्यापि वाचली जाते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आमचे कोंकणांतले स्नेही तिच्याविषयीं बोलूं लागले म्हणजे कशाविषयीं बोलतात? पोफळीच्या आगरांविषयीं, पाटाच्या पाण्याविषयीं, त्या ठसकेदार बोलीविषयीं. गारंबीनें बापूशीं आणि राधेशीं कसें वर्तन केलें, याचा उल्लेख त्यांच्या बोलण्यांत क्वचितच येतो. पेंडशांनीं आगर रंगविलें तें त्या आगराच्या सावलींत माणसें एकमेकांशीं कशीं वागतात हें दाखविण्यासाठीं. वाचकांनीं आगर ठेवून घेतलें आणि माणसें परत केलीं.

दुसरा पक्ष संतापाचा. हा पक्ष कादंबरी हातीं घेतो ती मतदारांची यादी शेजारीं ठेवून. यांतला सावकार म्हणजे कोण, ही विधवा कोणाची आत्या, हें देऊळ कोणत्या आळींतलें, याचा छडा लावीपर्यंत त्यास चैन पडत नाहीं. आणि छडा लागला कीं गांवाची बदनामी झाल्याची दवंडी पिटली जाते. या पक्षाचा पराक्रम आपल्या देशांत अलीकडेच दिसून आला. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांची 'मादोरुबागन' ही कादंबरी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. ती तिरुचेंगोडु या, त्यांना जन्मापासून परिचित असलेल्या, मुलखांत घडते. काली आणि पोन्ना हें एकमेकांवर जीव असलेलें, परंतु मूल नसलेलें शेतकरी जोडपें, त्यांना पदोपदीं टोचणारे आप्त व शेजारी, आणि अर्धनारीश्वराच्या रथोत्सवांतील एका रात्रीच्या जुन्या चालीचा आसरा घेण्याची पोन्नावर आलेली वेळ, हें तिचें कथानक. चार वर्षें पुस्तक निमूटपणें वाचलें गेलें. २०१४ च्या डिसेंबरांत एकाएकीं गांवाची अब्रू गेल्याची ओरड सुरू झाली, प्रती जाळल्या गेल्या, बाजार बंद ठेवण्यांत आला. पुढील आवृत्तींतून गांवाचें नांव काढून टाकण्याची तयारी लेखकानें दाखविली, तीहि पुरली नाहीं. २०१५ च्या जानेवारींत अधिकाऱ्यांनीं बोलाविलेल्या सभेंत त्यांना माफी मागावी लागली. आणि लेखक पेरुमाळ मुरुगन मेला, असें त्यांनीं स्वतःच जाहीर केलें. ता. ५ जुलै २०१६ रोजीं मद्रास उच्च न्यायालयानें पुस्तकावर बंदी घालण्याची मागणी फेटाळली आणि लेखकानें पुनः लिहितें व्हावें असा निर्वाळा दिला, तेव्हां कोठें तो मेलेला लेखक उठून बसला.

या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट आम्हांस फार बोंचली. पोन्नाला मूल नाहीं म्हणून उठतां बसतां टोमणे मारणारें जें गांव त्या कादंबरींत आहे, तें कोणाचें, हा प्रश्न त्या गर्दींत कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. एका रात्रीच्या चालीमुळें गांवाची अब्रू गेली. वर्षानुवर्षांच्या टोमण्यांनीं मात्र ती जागच्या जागीं शाबूत राहिली!

वरवर पाहतां हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात. एक रडतो, एक ओरडतो. परंतु दोघांचें मूळ गृहीत एकच आहे. गांव ही आपल्या मालकीची वस्तु आहे. लेखकानें ती उसनी नेली आहे. आणि परत करतांना ती घासून पुसून परत केली पाहिजे. गांव म्हणजे आपण केलेल्या व न केलेल्या कृत्यांची बेरीज आहे, हें दोघांच्याहि मनास शिवत नाहीं.

आतां तिसऱ्या पक्षाविषयीं लिहिलें नाहीं तर अप्रामाणिकपणा होईल, कारण त्या पक्षांत आम्ही स्वतः होतों. त्याचें नांव तुच्छतापक्ष. 'मेन स्ट्रीट' आम्हीं प्रथम वाचली ती एम्. ए. च्या वर्गांत असतांना, वयाच्या एकविसाव्या वर्षीं. लुइसचा जन्म १८८५ सालीं मिनेसोटा संस्थानांतील सॉक सेंटर या लहानशा गांवीं एका डॉक्टरच्या घरीं झाला, आणि १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या कादंबरींतील गोफर प्रेअरी हें गांव त्याच सॉक सेंटरवरून बेतलेलें आहे. कॅरल ही पदवीधर, ग्रंथालयांत नोकरी केलेली मुलगी डॉक्टर केनिकटशीं विवाह करून त्या गांवीं येते. पहिल्याच दिवशीं ती गांव पाहावयास निघते, आणि बत्तीस मिनिटांत पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर सारें गांव पाहून संपतें. तीं बत्तीस मिनिटें वाचतांना आम्ही वसतिगृहाच्या खोलींत एकटेच मोठ्यानें हसलों होतों. आमचेंहि गांव तेवढेंच होतें: एस्. टी. स्टँडपासून नदीपर्यंत एक रस्ता, त्याला वेशीजवळ फुटलेला दुसरा, आणि दोहोंच्या तिठ्यावर नगर वाचनालयाचा कट्टा. गोफर प्रेअरींतील स्त्रियांचें विद्वन्मंडळ साऱ्या इंग्लिश कवींना एका दुपारींत उरकतें. आमच्या वसंत व्याख्यानमालेंत सबंध पाश्चात्य तत्त्वज्ञान एका संध्याकाळींत आटोपलेलें आम्हीं पाहिलें होतें, आणि त्यांतहि अध्यक्षीय समारोप व आभारप्रदर्शन यांस अधिक वेळ लागला होता. आम्ही कॅरल झालों. आम्ही शहाणे, गांव खुळें. आम्ही सुटलों, तीं माणसें अडकलीं. "हुबेहूब आमचें गांव!" हा उद्गार आम्हींहि काढला, फक्त आमच्या उद्गारांत गहिंवराच्या जागीं उपहास होता. वाचन आमचेंहि तेथेंच संपलें.

यंदां वर्गांत शिकविण्याच्या निमित्तानें ती कादंबरी आम्हीं पस्तीस वर्षांनीं पुनः वाचली. पहिल्या वाचनांत जें नजरेंतून निसटलें होतें तें आतां सुटेना. ज्या दिवशीं कॅरल तो रस्ता पाहते, त्याच दिवशीं शेतावरच्या कामास विटलेली बीआ सोरेन्सन नांवाची एक स्वीडिश मुलगीहि तोच रस्ता पाहते, आणि एवढीं दुकानें, एवढे दिवे, एवढीं माणसें पाहून हरखून जाते. रस्ता एकच. म्हणजे लुइस वाचकाला पहिल्या कांहीं प्रकरणांतच बजावून ठेवतो कीं कॅरलच्या डोळ्यांवर सर्वस्वीं विसंबूं नकोस. ही बीआ पुढें माइल्स ब्योर्नस्टम या फटकळ, समाजवादी मताच्या कारागिराशीं लग्न करते. भले लोक त्या घराची पायरी चढत नाहींत. ज्या शेजाऱ्याच्या विहिरीवरून ते पाणी भरीत, त्याच्या टोमण्यांना कंटाळून माइल्स दुसऱ्या विहिरीचें पाणी आणूं लागतो. तें पाणी दूषित निघतें. बीआ आणि तिचें लहान मूल विषमज्वरानें मरतात. अगदीं शेवटीं गांवांतल्या प्रतिष्ठित स्त्रिया समाचाराला येतात, तेव्हां माइल्स त्यांना दारांतूनच परत पाठवितो. बीआ आजवर तुमची वाट पाहत होती, आतां उशीर झाला, असें तो सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वीं आम्हांला यांतलें कांहींएक आठवणींत ठेवावेंसें वाटलें नव्हतें. विहिरीवरून दिले जाणारे टोमणे आमच्या गांवांत नव्हते काय? कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरूं नये हें तेथें कोणास ठाऊक नव्हतें?

परंतु ज्या प्रकरणापाशीं आम्ही पुस्तक मिटून बसलों तें याहूनहि पुढें आहे. फर्न मलिन्स ही नुकतीच पदवी घेतलेली तरुण शिक्षिका गोफर प्रेअरीच्या शाळेंत येते आणि मिसेस बोगार्ट या देवभक्त विधवेच्या घरीं बिऱ्हाड करते. विधवेचा उनाड मुलगा फर्नचाच विद्यार्थी. एका शेतावरील नाचाला ती त्याच्याबरोबर जाते; तेथें तो दारू पितो; आणि रात्रीं घरीं आल्यावर त्याची आई, माझ्या मुलाला हिनें बिघडविलें, असा कांगावा करून फर्नला घराबाहेर काढते. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत गांवभर गोष्ट होते, आणि प्रत्येक घरांतून बाहेर पडतांना ती थोडी वाढलेली असते. कॅरल तिच्या बाजूनें रदबदली करावयास जाते. शाळेच्या मंडळावरचे लोक वाईट नाहींत. आरोप अक्षरशः खरा आहे असें मानणारे त्यांत थोडेच. परंतु बभ्रा झाला आहे, पालक काय म्हणतील, शाळेचें नांव काय राहील! फर्नचा राजीनामा घेतला जातो, आणि ती आगगाडीनें निघून जाते.

येथून पुढें जो मजकूर आहे, तोच समितीनें गाळावयास सांगितलेला परिच्छेद होय.

१९८४ सालीं आम्ही दहावींत होतों. त्या वर्षीं आमच्या शाळेंत इंग्रजी शिकवावयास एक बाई आल्या. परगांवच्या, पंचविशीच्या आंतल्या, एकट्या. आज ज्या विद्येवर आमचें पोट चालतें, तिची गोडी आम्हांला त्यांनीं लावली. आम्हां चारपांच मुलांना त्या संध्याकाळीं आपल्या भाड्याच्या खोलींत फी न घेतां शिकवीत. दिवाळीनंतर एका मुलानें, सहामाहींत गुण कमी पडल्याच्या रागानें, त्या शिकवणीबद्दल एक ओंगळ गोष्ट रचून पसरविली. ती खोटी आहे हें आम्हांला पक्कें ठाऊक होतें. कारण ज्या संध्याकाळची म्हणून ती सांगितली जात होती, त्या संध्याकाळीं आम्ही त्याच खोलींत बसून कर्मणि प्रयोगाचीं वाक्यें सोडवीत होतों. आठ दिवसांत पालकांचा अर्ज शाळेकडे गेला. त्यावर आमच्या वडिलांची सही होती. आम्हीं आईला खरें काय तें सांगितलें. ती म्हणाली, "तूं गप्प बैस. उद्यां त्यांत तुझेंहि नांव यायचें." वडील म्हणाले, "खरेंखोटें कोण बघतो, बाबा? चर्चा झाली ना, मग संपलें." आम्ही गप्प बसलों. जानेवारींत एके दिवशीं सकाळच्या सहाच्या गाडीनें बाई गेल्या. एक ट्रंक आणि एक वळकटी. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीआड उभे होतों. रस्ता ओलांडावयास दहा पावलें पुरलीं असतीं.

परिच्छेद इतकाच. त्यांत कोणाचें नांव नाहीं, शाळेचें नाहीं, गांवाचें नाहीं. सर्वांत मोठा दोष कोणाचा दाखविला असेल तर तो लिहिणाराचा. तरीहि तो छापण्यास अयोग्य ठरला. गांवाची नालस्ती ती हीच!

आतां आमच्या प्रतिपक्षाचे आक्षेप पाहूं. पहिला असा कीं, चाळीस वर्षांपूर्वींचें उकरून काढून कोणाचें भलें होणार? या आक्षेपाचें आम्हांला मोठें नवल वाटतें. पाऊणशें वर्षांपूर्वींच्या कोनशिलेपासून सारें उकरून काढण्यासाठींच ज्यांनीं समिति नेमली, त्यांनीं उकरण्याला हरकत घ्यावी! पहिल्या मुख्याध्यापकांची छत्री आठवते, गोळ्याबिस्किटें विकणाऱ्या म्हाताऱ्याची हांक आठवते, १९७८ सालच्या आंतरशालेय सामन्यांत कोणीं किती गडी बाद केले तें आठवतें. स्मृति उत्तम आहे, तल्लख आहे. ती एकाच ठिकाणीं आंधळी होते. माजी विद्यार्थ्यांचें जें मंडळ व्हॉट्सॲपवर रोज सकाळीं फुलांचीं चित्रें पाठवितें, तेथें आम्हीं त्या बाईंची आठवण काढली, तेव्हां आधीं अर्धा दिवस शांतता पसरली आणि मग एका जुन्या मित्रानें लिहिलें, "तें सोडा हो सर." लोक विसरले असते तर 'सोडा' म्हणाले नसते.

दुसरा आक्षेप असा कीं, गांवांत चांगलें कांहींच नव्हतें काय? लेखकानें तेंहि दाखवावें. अवश्य दाखवावें, आणि जो लेखक नांवास पात्र आहे तो तें दाखवितोच. केनिकट हा डॉक्टर कॅरलच्या काव्यशास्त्रविनोदांत अगदींच ठोंब्या. परंतु रात्रीं दूरच्या शेतावर, एका शेतकऱ्याच्या घरांत दिव्याच्या उजेडांत तो चिरडलेला हात कापून टाकतो आणि कॅरल गुंगीचें औषध देत उभी असते, तें प्रकरण वाचावें. त्या औषधाची वाफ दिव्याच्या ज्योतीनें पेट घेईल आणि सारें घर उडेल, हें त्याला पहिल्यापासून ठाऊक असतें. आणि तरीहि त्याचा हात कांपत नाहीं. त्या पानांपाशीं उपहास गळून पडतो. लुइसचें आपल्या गांवावर प्रेम नव्हतें असें म्हणणाऱ्यानें तें प्रकरण वाचलेलें नाहीं. आमच्या गांवांतहि असे लोक होते. ज्या वडिलांनीं त्या अर्जावर सही केली, त्यांनींच पुराच्या वर्षीं परक्यांचीं दोन कुटुंबें महिनाभर घरांत ठेवून घेतलीं होतीं. हीं दोन्ही कृत्यें एकाच माणसाचीं, एकाच हाताचीं आहेत, हेंच तर कादंबरी आपल्याला शिकविते. पुराची गोष्ट सांगावी आणि सहीची गाळावी, म्हणजे वडिलांचें चित्र उजळत नाहीं. तें वडिलांचें राहतच नाहीं, भिंतीवरच्या तसबिरीचें होतें.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. जिवंत माणसांचें काय? लेखकाच्या सत्यापायीं त्यांनीं तोंड लपवावें काय? टॉमस वुल्फ या अमेरिकन कादंबरीकाराची पहिली कादंबरी 'लुक होमवर्ड, एंजल' १९२९ सालीं निघाली. तिच्यांतील ऑल्टामाँट म्हणजे त्याचें जन्मगांव अ‍ॅशव्हिल. आणि माणसें इतक्या थोड्या फेरफारानें उतरलेलीं कीं गांवानें ती घरोघर ओळखलीं. गांव इतकें खवळलें कीं लेखक १९३७ सालापर्यंत तिकडे फिरकला नाहीं, आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. या भांडणांत आमची सहानुभूति केवळ लेखकाच्या बाजूला नाहीं. ज्याचें खाजगी दुःख नांवानिशीं बाजारांत मांडलें गेलें त्याला राग येण्याचा हक्क आहे. परंतु हा हक्क व्यक्तीचा आहे. गांव, गांव म्हणून, असा हक्क सांगूं शकत नाहीं. गांवाला तोंड नसतें म्हणून त्यानें तें लपविण्याचाहि प्रश्न नसतो. बाईंचें नांव आम्हीं लिहिलें नाहीं, तें त्यांच्या परवानगीवांचून लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाहीं म्हणून. परंतु बाईंच्या अब्रूला जपावयाचें असें म्हणत सही करणारांच्या अब्रूला जपणें, ही निराळी गोष्ट आहे. पत्रांत जी चिंता व्यक्त झाली आहे ती बाईंची नव्हे.

आतां या वादाचा जो शेवट सर्वत्र होतो त्याकडे वळूं, कारण आमच्या मतें खरा धोका तेथें आहे. सॉक सेंटरचें काय झालें? ज्या गांवाला 'मेन स्ट्रीट'नें दुखविलें, त्या गांवांतील मुख्य रस्त्यावर आज 'मूळचा मेन स्ट्रीट' अशी पाटी आहे. दुसऱ्या एका रस्त्याला लुइसचें नांव आहे, त्याचें बाळपणचें घर जतन करून ठेवलें आहे, आणि शाळेच्या खेळाडूंच्या चमूलाहि कादंबरीवरूनच नांव दिलेलें आहे. लुइस १९३० सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळविणारा पहिला अमेरिकन ठरला आणि १९५१ सालीं रोममध्यें वारला. त्याची रक्षा त्याच गांवांत पुरलेली आहे. अ‍ॅशव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयांत वुल्फच्या कादंबरीला वर्षानुवर्षें जागा नव्हती; आज त्याच्या आईची खाणावळ हें स्मारक झालें आहे आणि प्रवासी ती पैसे देऊन पाहतात. कोणी म्हणेल, छान झालें, गांव शहाणें झालें. आम्हांला तितका विश्वास वाटत नाहीं. पुस्तक जाळलें तर निदान तें वाचलें गेल्याची, बोंचल्याची कबुली तरी मिळते. त्याला हार घातला म्हणजे तो बोंचण्याचा मार्गहि बंद होतो. पाटीखालीं उभें राहून छायाचित्र काढणाऱ्याला फर्न मलिन्स कोण हें सांगतां यावयाचें नाहीं. संतापपक्षाचा कालांतरानें गहिंवरपक्ष होतो, एवढाच या प्रगतीचा अर्थ. आणि फर्नची गाडी दोन्ही वेळां तशीच निघून जाते.

मग आपल्या गांवासारखें गांव कादंबरींत भेटलें तर वाचकानें करावें तरी काय? आमचें उत्तर साधें आहे. "हुबेहूब आमचें गांव!" असें खुशाल म्हणावें. ओळख पटणें हा वाचनाचा आरंभ आहे आणि तो आनंदाचा आहे. आम्हीहि त्या आनंदाचे लोभी आहोंत. परंतु तेथें थांबूं नये. 'हुबेहूब' या शब्दावर जोर न देतां 'आमचें' या शब्दावर द्यावा. गांव आमचें असेल तर विहीर आमची, टोमणाहि आमचा. अर्ज आमचा, त्यावरची सही आमची, आणि टपरीआडचें गप्प राहणेंहि आमचेंच. पार कोणता नि घाट कोणता हें ओळखून झाल्यावर, यांतलें कोणतें माणूस मी ओळखण्याचें टाळीत आहें, एवढा एक प्रश्न वाचकानें स्वतःस विचारावा. ज्या कादंबरीनें हा प्रश्न विचारावयास लावलें नाहीं, ती कितीहि हुबेहूब असली तरी तिच्यांत गांव नाहीं, देखावा आहे.

त्या संध्याकाळीं आम्हांला बाईंनीं कर्मणि प्रयोगाची एक खुबी सांगितली होती. या प्रयोगांत कर्त्याचा उल्लेख न करितांहि वाक्य पुरें होतें. तेव्हां तो केवळ व्याकरणाचा नियम वाटला. पुढें पाहिलें, तों 'राजीनामा घेण्यांत आला', 'तसें ठरविण्यांत आलें'. सारें गांव त्याच प्रयोगांत बोलत होतें. परवांच्या पत्रांतहि शेवटीं हेंच वाक्य होतें: 'लेख परत करण्यांत येत आहे.'

लेख परत आला, येऊं दे. आमची समितीला एकच विनंति आहे, आणि ती लेखाविषयीं नाहीं. स्मरणिकेच्या अखेरीस आजवरच्या सर्व शिक्षकांची वर्षवार यादी छापण्याचें ठरलें आहे. १९८४ सालीं शाळेच्या हजेरीपटावर इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून कोणाचें नांव आहे, तें समितीनें पाहावें, आणि त्या नांवाच्या धनिणीचा पत्ता शोधून, तुमचें नांव छापूं काय, असें तिला विचारावें. पत्राखालीं नुसत्या 'समिती'ची सही चालणार नाहीं. विचारणाराचें नांव हवें. समितीला संकोच वाटत असेल तर पत्ता आम्हांला कळवावा. चाळीस वर्षें उशीर झाला आहे, हें आम्ही जाणतों. पत्र आम्ही लिहूं, आणि तें कर्तरि प्रयोगांत लिहूं.